देव्हाऱ्यातली पुडी

काल्याच्या दिवशी महाराजांच्या हातून पुड्या वाटायची कल्पना माझीच होती. हे आधीच सांगून टाकतो. गावात कोणी आशाताईला नावं ठेवतं, कोणी महाराजांना ठेवतं, आणि मी गप्प बसलो तर त्या दोघांवर अन्याय होईल.

आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. वरणगावच्या फॅक्टरीत तेहतीस वर्षं काढून मी गावी परतलो, तेव्हापासून कीर्तन एके कीर्तन. कागदोपत्री मी शालिग्राम, पण सगळे नाना म्हणतात. हितेंद्र महाराज जिथे कीर्तनाला उभे राहतील तिथे त्यांच्या मागे, डाव्या अंगाला, टाळ घेऊन मी. चाल लागली, मृदंगावर थाप पडली आणि शे-दोनशे माणसं एका श्वासात नाम घेऊ लागली, की मला दुसरं काही सुचत नाही. देव तिथे उभा असतो असं माझं प्रामाणिक मत आहे.

यंदा कार्तिकात आमच्या गावचा सप्ताह बसला आणि त्याच आठवड्यात नाल्याजवळ पाण्याची पाइपलाइन फुटली. गढूळ पाणी आलं, आणि चार दिवसांत घरोघरी लेकरांना ढाळ लागले. आमची आशाताई, म्हणजे सरकारी आरोग्य खात्याची गावातली कार्यकर्ती, ती ताईबाई. ती एक खोकं घेऊन मंडपात आली. खोक्यात ओआरएसच्या पुड्या.

"नाना, मन्ही मिटिंगले सात बाया येतस," ती म्हणाली. "त्यामा तीन मन्ह्याच घरन्या. आनि तुमना कीर्तनले तीनशे. मी काय पाप करेल शे?"

"तू गात नाहीस ना, ताईबाई. म्हणून."

"गाऊ का आते? गाव रिकामं व्हई जाई."

तिथे जमलेले हसले. मी म्हटलं, आण ते खोकं. काल्याच्या कीर्तनाला सगळं गाव येतं. लाह्यांच्या प्रसादाबरोबर महाराज एकेक पुडी हातात देतील. महाराजांच्या हातची वस्तू कोणी टाकणार नाही.

ताईबाईला ते पटलं, पण पूर्ण नाही. "देनं सोपं शे, नाना. कशी लेवानी ते सांगनं पडी. माले माइकवर पाच मिनिटं द्या."

काल्याच्या दिवशी माइकवर पाच मिनिटं. आधीच दहीहंडी फुटायला उशीर होतो, उन्हं चढतात, पंगती खोळंबतात. मी म्हटलं, "त्यावर छापेल शे ना बठ्ठं. लोके वाची लेतीन."

 ती खोकं ठेवून गेली.

काल्याचं कीर्तन फार रंगलं. शेवटी महाराजांनी पुडी वर धरून दाखवली आणि म्हणाले, "माउली हो, हे लेकरांचं औषध आहे. ह्यातला कणसुद्धा वाया घालवू नका." किती चांगलं वाक्य. मी मागून मान डोलावली. बाया रांगेने आल्या, कपाळाला बुक्का लावून घेतला, ओंजळीत लाह्या आणि पुडी घेतली, पुडी डोळ्यांना लावली. माझी सून सोनल कुंदनला कडेवर घेऊन आली. कुंदन चौदा महिन्यांचा, माझा एकुलता नातू. त्याने महाराजांची माळच धरली. सगळ्यात शेवटी आमच्या सालदाराची, डोंगरसिंगची बायको कस्तुरा आली. ही पावरा आदिवासी मंडळी वर्षभर आमच्या मळ्यातच राहतात. तिच्याही कडेवर तिचा बादल होता. माझ्या वाट्याची पुडी मी सदऱ्याच्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी महाराजांबरोबर मी नरडाण्याकडे निघालो. तिथल्या एका गावात तीन दिवसांची कीर्तनं होती. माझा मुलगा भूषण नरडाण्याच्या एमआयडीसीत कामाला आहे, त्याच्याच खोलीवर उतरलो. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन वाजला. सोनल लिहून कधी पाठवत नाही, तिचा आवाजच येतो. मला वाटायचं, नव्या पोरींची हीच पद्धत. भूषणने ऐकून मला सांगितलं, "नाना, कुंदनला परवापासून पातळ होतंय म्हणे. पण महाराजांचा प्रसाद चालू केलाय."

"मग काही काळजी नाही," मी म्हणालो. अगदी ह्याच शब्दांत. आणि कीर्तनाला गेलो.

चौथ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास मी घरी पोचलो. ओसरीवर वहिनी बसली होती. तानुबाई, माझ्या थोरल्या भावाची बायको. मी फॅक्टरीत असताना भूषणलासुद्धा तिनेच वाढवलं. तिच्या मांडीवर कुंदन होता. एरवी माझी चाहूल लागली की तो रांगत उंबऱ्यापर्यंत येतो. आज त्याने मानही वळवली नाही. मी जवळ गेलो. डोळे खोल गेले होते, पापण्या अर्ध्या उघड्या, ओठ सालपटल्यासारखे. मी गालाला हात लावला तर त्याने रडायला तोंड उघडलं, पण आवाज आला नाही आणि डोळ्यांत टिपूसही आलं नाही.

"कधीपासून असा?"

"काल सांजपासून निजेल शे," वहिनी म्हणाली. "ढाळ कमी व्हयनात आते. पानी बंद करेल शे मी."

"पाणी बंद?"

"पानी दिधं का ढाळ वाढस. माहीत नई का तुले?"

सोनल आतून आली. तिच्या हातात पितळी डबी होती, आम्ही अंगारा ठेवतो ती. "नाना, प्रसाद देतेय मी. दिवसातून तीनदा. एकदाही चुकवलं नाही."

तिने डबी उघडली. आत ती पुडी होती. कोपरा कात्रीने नीट कापलेला, वर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली. सोनलने चिमटीत पांढरी भुकटी घेतली, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि वाकून कुंदनच्या जिभेवर ठेवली. कोरडी. जिभेला ती विरघळवण्यापुरतीही ओल नव्हती. तशीच पांढरी राहिली.

मला ते कळायला वेळ लागला. खरंच सांगतो, मी बघत उभा राहिलो. तीन दिवस हे घर देवाच्या भरवशावर त्या लेकराला मीठ चाटवत होतं आणि पाण्याची वाटी फडताळात होती. पुडी जवळजवळ भरलेलीच होती. कणसुद्धा वाया गेलेला नव्हता.

कस्तुरा मळ्यातून दूध घेऊन रोज त्या वेळेला येते. ती दारात आली, एकदा कुंदनकडे पाहिलं आणि चरवी खाली ठेवली. कोणाला विचारलं नाही. वहिनीच्या मांडीवर वाकून तिने त्याच्या पोटाची कातडी दोन बोटांत धरून सोडली. कातडी तशीच घडी पडल्यासारखी उभी राहिली.

"शू कधी केली ह्याने?"

"काल दुपारी," सोनल म्हणाली.

"नाना, गाडी बघा. लगेच." कस्तुरा आश्रमशाळेत शिकलेली, आमच्यापेक्षा तिचं मराठी स्वच्छ. "आणि घरात लिटरची बाटली आहे का? एसटी स्टँडवर मिळते ती, पाण्याची."

माझ्या पिशवीतच होती, प्रवासातली. तिने ती विसळली, पिंपातलं उकळून ठेवलेलं पाणी गळ्यापर्यंत भरलं, डबीतली सगळी पुडी त्यात रिकामी केली. वहिनीने तिचा हात धरला.

"बठ्ठी टाकी दिधी? देवना प्रसाद शे तो."

"आजी, हा पाण्यातच घ्यायचा असतो."

"आनि तू सांगनार माले? तीन पिढ्या या घरमा पोरं वाढाडी मी."

"मोठी माय, देऊ द्या तिला," सोनल म्हणाली. लग्नानंतर सहा वर्षांत तिने वहिनीला उलट शब्द बोललेला मी ऐकला नव्हता.

मी चिंधाकडे धावलो. शेजारचा चिंधा, त्याची पिकअप केळीच्या घडांनी भरून उभी होती, सावद्याला निघालेली.  "बठा गाडीमा. केळी कोठे पळी जातीस का?" सोनल कुंदनला घेऊन पुढे बसली, तिच्या बाजूला दाटीवाटीने कस्तुरा, हातात बाटली आणि चमचा. मी मागे, केळीवर. वहिनी ओसरीवर राहिली. पुढच्या काचेतून मला फक्त तो चमचा दिसत होता. भरायचा, लेकराच्या ओठाशी जायचा, थांबायचा, परत भरायचा. कस्तुरा घाई करत नव्हती. निम्मं बाहेर गळत होतं तरी ती तितक्याच सावकाश पुढचा चमचा भरायची. माझ्या तोंडात नाम होतं, पण मी मोजत होतो ते चमचे.

अर्ध्या वाटेत रेल्वे फाटक लागावं तशी बैलगाड्यांची रांग लागली, उसाच्या. चिंधाने हॉर्नवर हात ठेवला. गाडी थांबल्यावर मी खाली उतरून खिडकीशी गेलो. भीतीचा राग होतो, माणूस मग जवळच्यावर काढतो. मी सोनलला म्हणालो, "अगं, पुडीवर सगळं छापलंय. वाचायचं तरी. रोज पोथी वाचतेस, एवढ्या दोन ओळी वाचता आल्या नाहीत?"

 ती कुंदनच्या तोंडाशी आलेला चमचा बघत राहिली. कस्तुराने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नाना, ताईंना वाचता येत नाही."

मला वाटलं ती काहीतरी भलतंच बोलतेय. आमच्या गावच्या पारायणात बायकांची ओळ असते, अकरा जणींची. त्यात तिसरी सोनल. मांडीवर ग्रंथ, बोट ओळीवर, आवाज सगळ्यांत गोड. सहा वर्षं मी समोरून ते पाहिलंय. मी पाहुण्यांना सांगतो, आमच्या सुनेचे अठरा अध्याय होतात.

"तिचं पाठ आहे," मी म्हटलं, "पण वाचतेही."

"शेजारणीने पान उलटलं की मी उलटते," सोनल हळू म्हणाली. "आजीकडून ऐकून पाठ झालेलं आहे, नाना. अक्षर येत नाही. आई गेली तेव्हा मी दुसरीत होते, धाकटी तिघं होती. मग शाळा नाही झाली."

"पण बघायला आलो तेव्हा मी स्वतः पोथी उघडून दिली होती तुझ्या हातात."

"तुम्ही बारावा अध्याय उघडला होता. तो तर सगळ्यांनाच येतो."

बैलगाड्या सरकल्या. चिंधा म्हणाला, "नाना, वर चढा, मंग बोला." मी चढलो. मला केळीचे घड टोचत होते की काय, काही कळत नव्हतं. घरातलं माणूस. रोज माझ्या समोर जेवायला वाढणारं. तिला येतं की नाही हे मला माहीत नव्हतं आणि आमच्या सालदाराच्या बायकोला माहीत होतं. नंतर कळलं, कुंदनच्या लसीचं कार्ड, खोकल्याच्या बाटलीवरचं, रेशनचं, सगळं ती कापूस वेचताना कस्तुराकडून वाचून घ्यायची. भूषणलाही ठाऊक होतं. लग्नाच्या रात्रीच तिने सांगितलं होतं. तो म्हणाला होता, नानांना सांगू नकोस, त्यांना वाचणारी सून हवी होती.

तालुक्याच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. लेकराला हातात घेताच तिचा चेहरा बदलला. दोन्ही हातांच्या शिरा शोधून झाल्या, मग पायाच्या, मग डोक्याच्या. सुई लागली तेव्हा ती सरळ उभी राहिली. "वाटेत पाजत कोणी आणलं?"

सोनलने कस्तुराकडे बोट केलं.

"बरं केलंत. रिकामं आणलं असतं तर मला शीर सापडली नसती."

नर्सने एक कागद पुढे केला. सोनलने तो घेतला आणि माझ्याकडे न देता कस्तुराकडे दिला. कस्तुराने पूर्ण वाचून दाखवला, एकेक ओळ. मग सोनलने सही केली. नाव तेवढं तिने गिरवून ठेवलेलं होतं.

मी बाहेरच्या बाकावर बसलो. कस्तुरा पाण्याला आली तेव्हा मी विचारलं, "तुझा बादल?"

"त्यालाही लागले होते. तुम्ही गेलात त्याच दिवशी. अंगणात कोंबड्यांमागे पळतोय आता."

"तुला कोणी सांगितलं कसं द्यायचं ते?"

तिला प्रश्नच कळला नाही बहुतेक. "मागे लिहिलेलं आहे, नाना. एक लिटर पाणी, चोवीस तासांत संपवायचं, उरलेलं फेकायचं. चित्रही आहे." मग म्हणाली, "तुम्हालाही दिली होती ना महाराजांनी?"

मी खिशात हात घातला. माझी पुडी तशीच होती. मॅट्रिक झालेला माणूस मी, फॅक्टरीत तेहतीस वर्षं सूचनांचे फलक वाचलेला. पुडी उलटून पाहिली नव्हती. देवाकडून आलेलं काय वाचायचं, असं काहीतरी मनात असणार. तिथे बाकावर बसून पहिल्यांदा वाचली.

आणि मग आठवलं, अशा पुड्या मी तीनशे वाटल्या होत्या.

महाराजांना फोन लावला. सगळं सांगितलं. ते भले माणूस. त्यांनी दोष कोणाचा ते विचारलं नाही. फक्त एवढं म्हणाले, "नाना, मी 'कण वाया घालवू नका' म्हणालो होतो." आणि दुपारचं जेवण टाकून मोटारसायकलवर निघाले. तिसऱ्या प्रहरी ते आमच्या देवळात पोचले, भोंगा लावला, आणि ताईबाईला माइक दिला. पाच मिनिटं नाही, तासभर. स्वतः बाजूला बाटली धरून उभे राहिले.

संध्याकाळी ताईबाईचा फोन आला. एरवी तिच्या बोलण्यात टोमणा असतो, आज नव्हता. "नाना, मी घरेघर फिरनू. मन्ही गल्लीमा चाळीस घरं. एकतीस पुड्या देव्हारामा. दोन पोरेस्ना गळामा, कापडमा शिवीसन, तावीज करेल." मग म्हणाली, "तुमनी पारायणनी ओळमधल्या चार बाया मन्हाजवळ वन्यात. हळूच. म्हणे, आमलेबी वाची दाखाड."

चार. अकरातल्या. सोनल धरून पाच.

दोन लेकरं त्या रात्रीच्या आत दवाखान्यात आली. दोन्ही बसती-बोलती होती, पांडुरंगाची कृपा. कुंदनचा मात्र भरवसा नव्हता. डॉक्टरीण दर तासाला येऊन बघायची. भूषण आला, बायकोच्या बाजूला जमिनीवर बसला. दुसरा दिवस तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी चिंधाने वहिनीला गाडीतून आणून सोडलं. ती कॉटपासून हातभर लांब उभी राहिली, जवळ जाईना.

कुंदन जागा होता. सोनलने वाटी त्याच्या तोंडाला लावली तर त्याने तिचा हात बाजूला केला आणि स्वतःच दोन्ही हातांनी वाटी धरली. गटागटा प्यायला. अर्धी अंगावर सांडली. वाटी रिकामी झाली तर तिच्यात तोंड घालून ओरडला, "मम." घसा बसलेला, पण ओरडला. सोनलने पुन्हा भरली. तीही गेली. परत "मम." डॉक्टरीण पहिल्यांदा हसली. म्हणाली, हवं तेवढं द्या, मागेल तेवढं द्या.

मी हात जोडले. वळून वहिनीकडे पाहिलं, म्हटलं ती रडत असेल. ती रडत नव्हती. ती त्या वाटीकडे बघत होती.

"मांगी तितलं देवानं?" तिने विचारलं.

"हो, वहिनी."

"आनि मरत नई?"

"नाही. त्यानेच वाचतात."

ती भिंतीला टेकून खाली बसली. मी शेजारी बसलो. बराच वेळ तिच्या ओठांची हालचाल होत होती, मला वाटलं नाम घेतेय.

"मन्हा रघा असाच मांगे," ती म्हणाली. "मम मम करे. मी वाटी उचलीसन फडताळमा ठी दिधी. सासू म्हने, माया करशी तर पोर जाई. मी कान झाकी लिधात. मंग दोन वरीसनी बारकी. तिलेबी नई दिधं."

वहिनीची दोन लेकरं लहानपणीच गेली हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ढाळाने गेली, देवाने नेली, असंच आम्ही म्हणत आलो. मीही म्हणत आलो, कीर्तनात दृष्टांत म्हणूनसुद्धा.

"पानी दिधं असतं, तर वाचतात का रे त्या, नाना?"

अशा प्रश्नाला माझ्याजवळ उत्तरं असतात. चाळीस वर्षं कीर्तनं ऐकली, प्रारब्धाचे, संचिताचे किती दाखले तोंडपाठ आहेत. एखादा दिला असता तर तिने मान हलवली असती आणि आम्ही दोघं सुटलो असतो. कॉटवर कुंदन तिसरी वाटी पीत होता.

"हो," मी म्हणालो. "बहुतेक वाचली असती."

तिने मान खाली घातली. पदर तोंडात धरला. मग, रागावून नाही, एखाद्याला रस्ता विचारावा तशी म्हणाली, "मंग माले कोनी सांगं कसं नई? घरमा वाचनारं व्हतं ना."

घरात वाचणारा एकच होता. तेव्हा मी तेरा वर्षांचा, सातवीत. रघा आत पाणी मागत होता आणि वडिलांनी मला ओसरीवर बसवलं होतं, त्याला बरं वाटावं म्हणून पोथी वाचायला. मी मोठ्याने वाचत होतो. आतला आवाज ऐकू येऊ नये इतक्या मोठ्याने.